कोठीच्या आतून दोन ठोके

आमच्या घरी सकाळ व्हायची ती पत्र्यावर पडणाऱ्या लाकडी मोगरीच्या आवाजानं. चहाच्या आधी बाबा एक तरी पत्रा वाकवून घेत, मग हात धुऊन ओट्यावर बसत आणि चहा बशीत ओतून फुर्र फुर्र पीत. प्रतापनगरच्या मागे तेव्हा मोकळे प्लॉट आणि बाभळीच होत्या. त्यातल्या एका कोपऱ्यावर आमच्या दोन खोल्या आणि पुढे बाबांची शेड. तिथं धान्याच्या कोठ्या बनत. आताच्या पोरांनी कोठी पाहिलेली नसते म्हणून सांगते. पत्र्याचा उभा गोल डबा, कधी छातीइतका, कधी डोक्याच्याही वर, माथ्यावर झाकण, झाकणाला कडी आणि बुडाशी धान्य काढायला लहानसं तोंड. संक्रांत सरली की पारशिवनीकडचे लोक मेटाडोर घेऊन येत. गहू-तूर घरात यायच्या आधी कोठी पाहिजे म्हणून त्यांची घाई, आणि होळीपर्यंत आमच्या कानांत दडे. आम्ही भावंडं आजही मोठ्यानं बोलतो. माझी सून विचारते, "आई, तुम्ही भांडताय का?" नाही गं बाई, आम्ही सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायला सांगतोय.

बाबांचा हात जड होता हे मी सौम्य शब्दांत सांगत नाही, कारण त्या हातात सौम्य काही नव्हतं. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर जायचं. आईनं उलट उत्तर दिलं तर ताटामागून हात जायचा. एकदा रविवारी आईनं गोळाभात केला होता, भातात बेसनाचे गोळे, वर लसणाची फोडणी, घरभर वास. दादानं बाबांच्या आधी पहिला घास घेतला एवढ्यावरून बाबांनी त्याचं तोंड गरम भातात दाबलं होतं. गजूदादा माझ्याहून मोठा, हाडकुळा, गालावर डाळीएवढा तीळ. त्या भाताचा डाग त्याच्या हनुवटीवर अजून आहे, दाढी केली की दिसतो. आई शेजारणीला सांगायची, "त्याइचा सभाव गरम हाये वं, मन वाईट नाही." हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, की कुणी म्हटलं की मला आधी त्या बाईचे दंड पाहावेसे वाटतात.

बाबांचा एक रुबाब होता. ते जेवायला दारात बसत, पाठ घराकडे, तोंड रस्त्याकडे. सिनेमाला कधी आले नाहीत, "कोंदट जागी माणूस बसते का?" म्हणायचे. बस भरलेली असली की मध्येच उतरून पायी येत आणि वर आम्हालाच शिव्या देत. घरचं दार, कितीही थंडी असो, उघडंच. आम्हाला वाटायचं, राजेशाही थाट आहे, मालक माणूस आहे, उंबरठा राखतो. असं घरात रोज दिसणारं काही आपण खरं पाहतच नाही.

कोठीचं काम दोघांचं असतं. बुडाचा पत्रा जोडताना एकानं आत उतरून, उकिडवं बसून, रिपिटाच्या, म्हणजे जोडाच्या खिळ्याच्या, मागे लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं बाहेरून हातोडी मारायची. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतला दिसत नाही, आणि त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून ठोक्यांची भाषा होती. बाहेरून एक ठोका म्हणजे धर. आतून एक म्हणजे धरलं. बाहेरून दोन म्हणजे झालं, सोड, निघ. आतून दोन म्हणजे थांब, मी निघतो. लहानपणापासून आत उतरायचा तो दादा. मी उतरले नाही, कारण मुलीनं कोठीत उतरलं की घरात धान्य टिकत नाही अशी बाबांची समजूत होती. या एका अडाणीपणाचे मी आयुष्यभर आभार मानलेत. आणि बाबा स्वतः? ते कधीच नाही. दादा तापानं फणफणलेला असला तर त्या दिवशी काम बंद राही, पण बाबा आत उतरत नसत. मालक कशाला उतरेल, असं आम्ही समजायचो.

दादाला मिसरूड फुटायला लागलं त्या वर्षी, होळीच्या आधी, कोठीच्या आतून एकदम दोन ठोके आले. मग पुन्हा दोन. बाबांची हातोडी तर अजून चालूच होती. मग दादा बाहेर आला तो पडतच. चेहरा पांढरा, शर्ट ओला, हात छातीवर. "बाबा, मी मरून राहिलो. श्वास नाही येऊन राहिला. जीव चालला माहा." मी तांब्या घेऊन धावले. त्याच्या दातांवर तांब्या कडकड वाजत होता. बाबा एका जागी उभे होते, हातोडी हातात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तेव्हा राग समजले.

त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. डॉक्टर म्हणाले, हार्ट उत्तम आहे, काहीच नाही. घरी येईपर्यंत दादा बराही झाला होता. असं पुन्हा झालं, शाळेच्या प्रार्थनेत, सीताबर्डीच्या गर्दीत, एकदा नुसतं जेवता जेवता. पुन्हा पट्टी, पुन्हा काहीच नाही. आणि त्या 'काहीच नाही'नं दादाचा खरा छळ सुरू झाला. रिपोर्ट चांगला म्हणजे पोरगा खोटा, असा सरळ हिशेब घरानं मांडला. आजार असता तर मशीनवर दिसला असता की नाही? दिसला नाही, म्हणजे कामचोर आहे, नाटक्या आहे. बाबा पट्ट्यानं मारत. "मशीन खोटं बोलते का बे? काहून नाटक करून राहिला?" दादा मार खाताना रडायचा नाही. त्याला फटक्यांची भीती उरलीच नव्हती. पुढचा झटका कधी येईल एवढीच भीती होती, आणि त्या भीतीनं तो शाळेतून गेला, मित्रांतून गेला, शेवटी दारातून बाहेर पडायचाही बंद झाला. मग त्याच्यातही काहीतरी पेटलं. त्यानं आरसा फोडला. मला एकदा ढकललं तर माझं डोकं चुलीच्या कठड्यावर आपटलं. शेजारच्या पोरानं 'पागल' म्हटलं म्हणून त्याच्या अंगावर वीट फेकली. आमच्या घरात आता दोन माणसं मारणारी होती.

आईनं तिच्या परीनं उपाय केले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली तेव्हा दादाचं मनगट धरून ती गर्दीत घुसली आणि पिवळ्या मारबतीपुढे घसा फोडून ओरडली, "माह्या पोराची पीडा घेऊन जा गेऽ मारबत!" शहरभरचे लोक खोकला, ताप, महागाई सगळं तिच्या गळ्यात घालतात, त्यात आईनं आपलं पोर घातलं. पण त्याच रेट्यात दादाला झटका आला. लोकांना वाटलं दारू प्यायलाय, म्हणून त्यांनी त्याला नालीच्या काठापर्यंत लाथा घालत नेलं. मारबत पुढे निघून गेली, पीडा आमच्या घरी परत आली. हल्ली माझी नात पोहे संपले तरी म्हणते, "आजी, मला पॅनिक झालं!" मी हसते. शब्द स्वस्त झालाय हे चांगलंच आहे. आमच्याकडे तो शब्दच नव्हता म्हणून एक पोरगं नालीत पडलं होतं.

पुढच्या संक्रांतीनंतर मोठं काम आलं. डोक्याच्या वर उंच कोठ्या, आणि आत उतरायला कुणी नाही. दादानं सांगितलं, मी उतरणार नाही. बाबांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग सकाळच्या उन्हात, माझ्यासमोर, त्यांनी त्याला कानाखाली मारली, मानेला धरून शिडीवर चढवलं आणि उचलून कोठीत टाकलं, आधी पाय, मग डोकं. "तुही भीती आज जिरवतो. माह्या बापानं माही जिरवली होती." असं म्हणून त्यांनी झाकण लावलं आणि कडी घातली. झाकणाचं काम तेव्हा नव्हतंच. बुडाचं काम झाकण उघडं ठेवूनच होतं.

बाहेरून एक ठोका. धर. आतून दोन. बाहेरून पुन्हा एक. आतून दोन, दोन, दोन. बाबा हातोडी मारत राहिले, रिपिट नसलेल्या जागी, कोऱ्या पत्र्यावर. आतून किंचाळी आली ती पत्र्यामुळे माणसाची वाटेना. कोठी हलायला लागली. दादा आत अंग आपटत होता. ती कलंडली, आडवी झाली आणि शेडमधून अंगणात गडगडत गेली, दादासकट, आणि बाबा तिच्यामागे जात तिला लाथा मारत होते. बुडाच्या न जोडलेल्या फटीतून दादाची बोटं बाहेर आली. कोऱ्या पत्र्याची धार म्हणजे काय ते ज्यानं हाताळलंय त्यालाच कळेल. बोटं लाल झाली तरी तो त्या फटीला धरून फाडतच होता. मी ओरडत होते की नुसतं तोंड उघडून उभी होते, आठवत नाही.

आई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनी आली, जमिनीवरची लाकडी मोगरी उचलली आणि बाबांच्या हातोडीवाल्या मनगटावर हाणली. हाड तुटल्याचा आवाज झाला. आवाजांच्या घरात वाढलेली मी, पण तो आवाज मला नवीन होता. बाबा खाली बसले. आईनं दुसऱ्यांदा मोगरी उगारली ती त्यांच्या डोक्यावर, आणि तशीच धरून ठेवली. "कडी काढ वं सुमे," ती मला म्हणाली, नजर बाबांवरून न हलवता. मी कडी काढली. आतून आलेला दादा मला ओळखत नव्हता. त्यानं पहिल्यांदा माझ्याच तोंडावर मारलं, मग मला मिठी मारली. माझे कपडे त्याच्या रक्तानं भरले.

एकाच ऑटोत आम्ही चौघं दवाखान्यात गेलो. हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि ते चांगलं हसू नसतं. मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन बाबा, पंजे आईच्या पदरात गुंडाळलेला दादा, मध्ये आई. अपघात विभागात विचारलं, कसं लागलं. बाबा म्हणाले, शिडीवरून पडलो. आई म्हणाली, "नाही पडले. मी मारलं. लिवा तुमी तसंच. अन् पोराले कोठीत कोंडलं होतं, तेबी लिवा." पट्टी बांधणाऱ्या मुलानं बाबांकडे पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. टाके घालताना दादाला झटका आला. तिथल्या तिथे पुन्हा छातीची पट्टी काढली, पुन्हा हार्ट उत्तम. पण या वेळचा डॉक्टर 'काहीच नाही' म्हणाला नाही. म्हणाला, "मानसिक विभागात दाखवा, आजच."

"पागलखान्यात?" बाबा उठले. प्लास्टर ओलं होतं. "माहं पोरगं पागल नाही."

"मंग नाटक्या हाये का?" आईनं विचारलं. "एक काहीतरी ठरवा न बापा."

डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, चष्मा सारखा घसरणाऱ्या. त्यांच्याकडे मशीन नव्हतं, म्हणून बाबांचा विश्वास तिथंच उडाला. त्या नुसत्या विचारत गेल्या. झटका येतो तेव्हा काय काय होतं? किती वेळ टिकतं? ठरावीक जागीच की कुठंही, आपोआप? झोप कशी? चहा किती? दारू, गांजा, खरं सांग. वजन उतरलंय का? रक्त तपासायला दिलं, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीमुळेही असं होतं म्हणाल्या, तो रिपोर्ट येऊ दे. आणि झटका नसतो तेव्हा? दादा म्हणाला, "तेव्हा पुढच्याची वाट पाहतो मी. दिवसभर." बाईंनी लिहिणं थांबवलं. "म्हणून घराबाहेर जात नाहीस?" दादानं मान हलवली. इतक्या महिन्यांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे त्याचं छातीचं दुखणं शोधत होतो, नाहीतर त्याची लबाडी.

"झटक्यात काय होतं ते पुन्हा नीट सांग," बाई म्हणाल्या.

"छाती धडधडते. घाम येते. श्वास अडकते. मरतो असं वाटते." दादा थांबला.

"आणखी?"

"अन् बोटाइले मुंग्या येतात," मागून आवाज आला. "मंग ओठाइले. जमीन दूर गेल्यासारखी वाटते, अन् आपलाच हात दुसऱ्या कोणाचा दिसते."

बाबा भिंतीशी बसले होते, दार उघडं ठेवून, दाराच्या अगदी जवळ. बाईंनी दादाकडे पाहिलं. दादानं नाही म्हणून मान हलवली, हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. "हे तुम्हाला कसं माहीत?" बाईंनी बाबांना विचारलं.

बाबांनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "मले होते. पोट्टा होतो तवापासून. कोठीत पहिल्यांदा झालं. माह्या बापानं मारून मारून बरं केलं."

"बरं झालं?" बाईंनी विचारलं. त्या विचारण्यात टोमणा नव्हता, दादाला विचारलं तसंच विचारलं.

बाबांचा खालचा ओठ हलायला लागला. मी त्या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले.

बाईंनी मग सांगितलं ते आम्हा चौघांनाही कळेल असं. याला पॅनिकचा आजार म्हणतात. चोर नसताना घरचं कुत्रं भुंकत सुटतं, तसं शरीर धोका नसताना ओरडतं. हृदय ठीक असतं म्हणून पट्टी चांगली येते, आणि भीती खरी असते म्हणून माणूस खरंच मरणाला भिडून येतो. मशीनवर दिसत नाही, विचारूनच ओळखावं लागतं. याला औषध आहे, आणि गोळ्यांबरोबर शिकायचंही असतं, ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ स्वतःच्या मर्जीनं, थोडं थोडं जायचं. "कोंडून नाही," त्या बाबांकडे पाहून म्हणाल्या. आई उठली आणि म्हणाली, "बाई, त्याइचंबी नाव लिवा. एकाच घरात दोघं."

मला त्या क्षणी बाबांची दया आली असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही आली. मला राग आला, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा. या माणसाला माहीत होतं. आतून कसं वाटतं ते जगात एकट्या यालाच माहीत होतं, आणि त्यानंच कडी घातली. त्याच्या आजाराचं मला आज नीट कळतं. दाराशी जेवणं, बसमधून उतरणं, दादाच्या पहिल्या झटक्याच्या वेळचा तो चेहरा, सगळ्याचा उलगडा झालाय. पण आजारानं त्याला कोंदट जागांना भ्यायला लावलं, पट्टा उचलायला लावलं नाही. तसा आजार असलेली कितीतरी माणसं कुणावर हात टाकत नाहीत, माझा दादाही बरा झाल्यावर त्यातलाच एक झाला. हे दोन हिशेब मी वेगळे ठेवले आहेत आणि ते एकत्र करणार नाही.

दादा गोळ्यांनी आणि बाईंच्या शिकवणीनं हळूहळू सुधारला. आधी कोठीजवळ बसायचा, मग तिच्यात नुसता हात घालायचा, मग पाय. पुढे त्यानं बुडाला नटबोल्ट लावायची पद्धत काढली आणि आमच्या शेडमध्ये कुणालाच आत उतरावं लागलं नाही. बाबांनी गोळ्या काही दिवस घेतल्या, रिपिटांच्या डब्यात लपवून, मग सोडल्या. दादावर त्यांनी पुन्हा हात टाकला नाही. आईवर एकदा उगारला, तेव्हा तिनं नुसतं मोगरीकडे पाहिलं. ती मोगरी तिनं मरेपर्यंत चुलीशेजारी ठेवली होती.

दादा आता मनीषनगरात राहतो, सातव्या मजल्यावर, लिफ्टनं जातो. बाबा शेवटी त्याच्याकडेच होते. पाय लुळे पडायला लागले तेव्हा डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून पाठीचा फोटो काढायला सांगितला. ती मशीन ज्यांनी पाहिलीय त्यांना माहीत आहे, आडवी ठेवलेली कोठीच ती, आणि आत गेल्यावर बाहेरून हातोडी मारल्यासारखा आवाज. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पट्टे लावणाऱ्या पोराच्या फाडकन तोंडात मारली. इतकं वय झालं तरी हात जडच. सगळे मागे सरले. दादा पुढे झाला. खिशातल्या किल्ल्या, घड्याळ, कमरेचा पट्टा काढून त्यानं माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "बाबा, मी आत येतो तुमच्यासंगं. पाय धरून ठेवतो. झालं की वाजवीन. तुमच्या मर्जीनं जा, नाहीतर चला घरी."

बाबा गेले आत. काचेच्या अलीकडून मला फक्त त्यांची पावलं आणि दादाचे हात दिसत होते. दादाच्या पंजांवरचे टाक्यांचे पांढरे वण दिव्यात चमकत होते. आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. दादानं हात काढला नाही. सगळं संपलं तेव्हा त्यानं बाबांच्या पावलावर बोटानं दोनदा टकटक केलं.

बाबांना बाहेर काढून बसवलं. पाणी पाजलं. ते दादाकडे न पाहता म्हणाले, "तू आतून दोनदा वाजवत होता न, तवा मले आयकू येत होतं गा."

"माहीत हाये मले," दादा म्हणाला, आणि खाली बसून त्यांच्या पायात चपला घालायला लागला.